राजरक्ताचे कागद

थॉमस हार्डीची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ (१८९१) ही कादंबरी एका अभिवादनापासून सुरू होते. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी जॉन डर्बीफिल्ड हा किरकोळ मालाची ने-आण करून पोट भरणारा गरीब माणूस घराकडे निघालेला असतो. वाटेत घोडीवरून चाललेला धर्मोपदेशक ट्रिंगहॅम त्याला ‘सर जॉन’ म्हणून हाक मारतो. स्थानिक इतिहासाची कागदपत्रे चाळताना त्याला शोध लागलेला असतो, की डर्बीफिल्ड हे ‘डर्बरव्हिल’चेच झिजलेले रूप आहे आणि या घराण्याचा मूळपुरुष विल्यम द कॉन्कररबरोबर नॉर्मंडीहून आलेला सरदार आहे. आता आपण काय करायचे, असे जॉन विचारतो, तेव्हा करण्यासारखे काहीच नाही, असेच उत्तर त्याला मिळते. परंतु जॉन ते ऐकत नाही. तो पितो, घरी गाडी मागवतो. त्याच्या त्या नशेमुळे पहाटे टेसला गाडी हाकावी लागते, घोडा मरतो, आणि भरपाई म्हणून तिला एका ‘नातलग’ श्रीमंत घराकडे पाठवले जाते. त्या घराने डर्बरव्हिल हे नाव ब्रिटिश म्युझियममधल्या एका ग्रंथातून उचललेले असते. ज्यांच्याकडे रक्त आहे त्यांच्याकडे नाव उरलेले नाही, ज्यांच्याकडे नाव आहे त्यांच्याकडे रक्त नाही, आणि या दोहोंच्या मध्ये एक मुलगी चिरडली जाते.

वाङ्मयाच्या वर्गात हा प्रसंग बहुधा नियतीचा खेळ म्हणून शिकवला जातो. तो तसा आहेच. पण त्यामागे इंग्लंडच्या सामाजिक इतिहासातला एक खरा प्रश्न उभा आहे. आपले कुटुंब मध्ययुगीन राजघराण्यापर्यंत नेऊन भिडवण्याची ही हौस कुठून आली? तिच्यात खरे किती, रचलेले किती? आणि मुख्य म्हणजे, एखाद्याने खरोखरच सिद्ध केले की तो एडवर्ड राजाचा वंशज आहे, तर त्याने नेमके काय सिद्ध केले?

वंशावळ रचण्याची सुरुवात राजांनीच केली, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’मध्ये इ.स. ८५५ च्या नोंदीत वेसेक्सचा राजा एथेलवुल्फ याची वंशावळ दिलेली आहे. ती वोडन या जुन्या देवापाशी जाते, तिथे न थांबता नोहाच्या तारवात जन्मलेल्या एका पुत्रापर्यंत पोचते आणि अखेर आदमपाशी विसावते. ख्रिस्ती झालेल्या राजवंशाला जुना देव टाकवत नव्हता आणि नवे धर्मशास्त्र सोडवत नव्हते. म्हणून देवालाच पूर्वज करून आदमच्या वंशात बसवून टाकले. पुढे बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथने ब्रिटनच्या राजांचे मूळ ट्रॉयच्या ब्रूटसमध्ये शोधले. पंधराव्या शतकात तर राजांच्या वंशावळींच्या लांबच लांब चर्मपत्री गुंडाळ्या तयार होत. वरच्या टोकाला आदम आणि ईव्ह, खालच्या टोकाला विद्यमान राजा.

याच शतकात वंशावळ हा रणांगणाचा विषय झाला. एडवर्ड तिसरा (१३१२–१३७७) पन्नास वर्षे गादीवर होता आणि त्याचे पाच मुलगे प्रौढ वयापर्यंत जगले. त्यांपैकी तिसरा जॉन ऑफ गाँट. त्याच्यापासून लँकेस्टर शाखा. चौथा एडमंड, त्याच्यापासून पुरुषपरंपरेने यॉर्क शाखा. परंतु यॉर्कचा खरा दावा दुसऱ्या मुलावर, लायनेलवर, उभा होता. लायनेलला फिलिपा ही एकच मुलगी होती आणि तिच्या नातीचे लग्न यॉर्क घराण्यात झाले. लँकेस्टरकडे धाकटा मुलगा पण पुरुषपरंपरा, यॉर्ककडे थोरला मुलगा पण स्त्रीपरंपरा: इंग्लंडचे मुकुटयुद्ध या पेचावर लढले गेले. ‘हेन्री द सिक्स्थ’च्या दुसऱ्या भागात यॉर्कचा ड्यूक सॉल्सबरी आणि वॉरिक यांना एडवर्डचे सातही मुलगे बोटांवर मोजून दाखवतो, तो प्रवेश आजच्या विद्यार्थ्याला कंटाळवाणा वाटतो. शेक्सपिअरच्या प्रेक्षकाला तो तसा वाटला नसावा, कारण कोण कोणाच्या पोटी आले यावर किती माणसे मेली हे त्याने ऐकलेले होते.

आता प्रश्न असा, की हे राजरक्त डर्बीफिल्डसारख्यांच्या झोपडीपर्यंत येते कसे? मराठीत आपण ‘कूळ’ किंवा ‘वंश’ म्हणतो तेव्हा मनात बापाकडून मुलाकडे जाणारी एकच सरळ रेघ असते. त्या रेघेवर पाहिले तर मध्ययुगीन राजघराणे लवकरच संपते. प्लँटॅजेनेट घराण्याची औरस पुरुषपरंपरा १४९९ मध्ये वॉरिकच्या अर्लचा शिरच्छेद झाला तेव्हा खुंटली. परंतु रक्त रेघेने वाहत नाही, ते जाळ्यासारखे पसरते. इंग्लंडमध्ये मालमत्ता आणि पदवी थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्या मुलांना सैन्य, चर्च किंवा वकिली यांत वाट शोधावी लागे, आणि धाकट्या मुलींना आपल्याहून एक पायरी खालच्या घरात पडावे लागे. राजाची मुलगी अर्लला, अर्लची बॅरनला, बॅरनची नाइटला, नाइटची गावातल्या जमीनदाराला आणि त्याची धाकटी नात एखाद्या व्यापाऱ्याला किंवा पाद्र्याला. दर पिढीत एक पायरी उतरली तरी दोनशे वर्षांत राजवाडा आणि दुकान यांच्यातले अंतर संपते.

एडवर्ड पहिला (१२३९–१३०७) याच्या काही मुली इथल्याच उमरावांना दिल्या गेल्या. जोन ही ग्लॉस्टरच्या अर्लला, एलिझाबेथ ही हेरफर्डच्या अर्लला. त्यामुळे तो असंख्य इंग्रज घराण्यांचा पूर्वज ठरतो. जॉन ऑफ गाँटने कॅथरीन स्विनफर्डशी १३९६ मध्ये लग्न केले, तेव्हा त्यांची चार मुले आधीच मोठी झाली होती. ती १३९७ मध्ये औरस ठरवण्यात आली आणि बोफर्ट म्हणून ओळखली गेली. (कॅथरीनची बहीण फिलिपा ही कवी चॉसरची पत्नी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.) त्या चौघांतल्या जोनला वेस्टमोरलंडच्या राल्फ नेव्हिलपासून चौदा मुले झाली. एका स्त्रीची चौदा मुले म्हणजे सरंजामी इंग्लंडच्या नकाशावर चौदा नव्या वाटा.

याचे एक उदाहरण तपशिलात पाहण्यासारखे आहे. २०१६ मध्ये बीबीसीच्या वंशशोधाच्या मालिकेत डॅनी डायर हा पूर्व लंडनच्या कामगारवस्तीतून आलेला नट एडवर्ड तिसऱ्याचा वंशज असल्याचे दाखवण्यात आले. ‘ईस्टएंडर्स’मध्ये दारूच्या गुत्त्याच्या मालकाचे काम करणारा, ठसठशीत कॉकनी बोलणारा हा माणूस आणि प्लँटॅजेनेट राजा, या जोडीने इंग्लंडची भरपूर करमणूक झाली. दुवा जुळला तो थॉमस क्रॉमवेलमार्फत. परंतु क्रॉमवेल स्वतः राजवंशी नव्हता. तो पटनीच्या एका लोहाराचा मुलगा. राजरक्त आले ते त्याच्या सुनेकडून. १५३७ मध्ये त्याचा मुलगा ग्रेगरी याने राणी जेन सीमूरची बहीण एलिझाबेथ सीमूर हिच्याशी लग्न केले. (हिलरी मँटेलच्या ‘वुल्फ हॉल’ या कादंबरीचे नाव याच सीमूर घराण्याच्या वाड्यावरून आले आहे.) एलिझाबेथपासून मागे जाऊ लागलो, की साखळी अशी दिसते: तिची आई मार्जरी वेंटवर्थ, तिचे वडील सर हेन्री वेंटवर्थ, त्यांची आई मेरी क्लिफर्ड, तिची आई एलिझाबेथ पर्सी, तिची आई एलिझाबेथ मॉर्टिमर, तिची आई फिलिपा, फिलिपाचे वडील लायनेल आणि लायनेलचा बाप एडवर्ड तिसरा.

या साखळीत राजा आणि सून धरून नऊ माणसे आहेत, त्यांतल्या सहा स्त्रिया आहेत. प्लँटॅजेनेट, मॉर्टिमर, पर्सी, क्लिफर्ड, वेंटवर्थ, सीमूर, क्रॉमवेल अशी आडनावे दर एक-दोन पावलांवर बदलत जातात. पदव्याही तशाच उतरत जातात: राजा, ड्यूक, अर्ल, बॅरन, नाइट. ज्या फिलिपाच्या आधारे यॉर्क शाखेने सिंहासन मागितले, तीच फिलिपा या नटाचीही पूर्वजा. एका नातीकडून मुकुटाकडे जाणारा रस्ता फुटला, तर एका मुलीकडून गुत्त्याकडे. आणि एलिझाबेथ मॉर्टिमर म्हणजे हॉटस्परची बायको. ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागातली लेडी पर्सी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, पण शेक्सपिअरने तिचे नाव बदलून केट केले आहे. राजरक्ताची वाहतूक जिच्यामार्फत झाली तिचे खरे नावही रंगभूमीवर टिकले नाही, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. स्त्रियांच्या नावांकडे सगळ्याच कागदांनी असेच पाहिले आहे.

उतरंडीचा हा प्रकार एकोणिसाव्या शतकातही लोकांच्या ध्यानात आला होता. उमरावांच्या वंशकोशांचा संपादक बर्नार्ड बर्क याने ‘व्हिसिसिट्यूड्स ऑफ फॅमिलीज’ (१८५९) या पुस्तकात एडवर्ड पहिल्याच्या धाकट्या मुलाच्या वंशजांत हेल्सओवेनचा एक खाटीक आणि डडलीजवळच्या टोलनाक्याचा एक रखवालदार दाखवून दिले होते. व्हिक्टोरियन वाचकाला यात विधिलिखिताची क्रूर गंमत दिसली. वास्तविक त्यात गमतीपेक्षा लोकसंख्येचा नियम अधिक आहे. त्याकडे पुढे येऊ.

मात्र खाटकाचा वंश सिद्ध झाला तो कागदामुळे, आणि कागदाचा इतिहास हा स्वतंत्र विषय आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाकडून थेट जमीन धारण करणारा माणूस मेला, की सरकारी अधिकारी स्थानिक ज्यूरी बसवून चौकशी करी: मृताची जमीन किती, वारस कोण, त्याचे वय काय. तेराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंतची ही चौकशीपत्रे आजच्या वंशशोधकाचा मोठा आधार आहेत. अल्पवयीन वारस वयात आला की ‘वयाचा पुरावा’ घेतला जाई. तेव्हा शेजारीपाजारी साक्ष देत, की त्याच्या जन्माच्या दिवशी माझा पाय मोडला, किंवा माझ्याही घरी मुलगा झाला, म्हणून मला वर्ष आठवते. वाचताना मध्ययुगीन गाव डोळ्यांसमोर उभे राहते. पण या साक्षींतल्या पुष्कळशा ठरावीक साच्यातल्या आहेत, असे अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले. ते काही असले तरी ही चौकशी जमीन कोणाकडे जाणार यासाठी होती. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या बापाचे नाव जाणून घेण्याची राजाला गरज नव्हती.

सामान्य माणसाचे नाव सलग नोंदले जाऊ लागले ते १५३८ मध्ये, जेव्हा प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम निघाला. तो हुकूम काढणारा मंत्री म्हणजे हाच थॉमस क्रॉमवेल. दोन वर्षांनी त्याचा शिरच्छेद झाला, पण वह्या राहिल्या. त्यांतल्या कित्येक जळाल्या, कुजल्या. १६४० आणि १६५० च्या दशकांत यादवीमुळे मोठ्या फटी पडल्या. तरीही आज कुणा इंग्रज शिक्षकाला किंवा सुताराला सोळाव्या शतकापर्यंत मागे जाता येते ते या वह्यांच्या बळावर. त्याच्याही मागे जायचे तर एकच उपाय: आपल्या वंशात कुठेतरी जमीनदाराची मुलगी सापडली पाहिजे. म्हणूनच वंशशोधकांच्या हाती शेवटी राजे लागतात. गरीब पूर्वज नव्हते असे नाही. ते कागदावर नव्हते.

आणि जिथे कागद नव्हता तिथे तो तयारही केला गेला. रिचर्ड तिसऱ्याने १४८४ मध्ये कुलचिन्हांची देखरेख करणारे कॉलेज ऑफ आर्म्स स्थापन केले. १५३० पासून १६८८ पर्यंत त्याचे अधिकारी परगण्या-परगण्यांत फिरून कुलचिन्ह वापरणाऱ्यांच्या वंशावळी तपासत. ट्यूडर काळात मठांच्या जमिनी विकत घेऊन नव्याने श्रीमंत झालेल्यांना जुने पूर्वज हवे होते, आणि मोबदला मिळाला की जुने पूर्वज पुरवणारेही होते. शेक्सपिअरच्या वडिलांना १५९६ मध्ये कुलचिन्ह मिळाले. काही वर्षांनी त्याच संस्थेतल्या राल्फ ब्रूक या अधिकाऱ्याने अपात्र माणसांना चिन्हे वाटल्याची तक्रार केली, तेव्हा त्याच्या यादीत ‘नट’ शेक्सपिअरही होता.

बनावट वंशावळीचा सर्वांत वाङ्मयीन नमुना म्हणजे फील्डिंग घराण्याचा. डेनबीचे अर्ल असलेल्या या घराण्याने सतराव्या शतकात आपण हॅब्सबर्ग सम्राटांची इंग्लिश शाखा असल्याची कागदपत्रे पुढे केली. ‘टॉम जोन्स’चा (१७४९) लेखक हेन्री फील्डिंग याच घराण्यातला. अर्लने त्याला विचारले, की तुमच्या नावाचे स्पेलिंग आमच्यापेक्षा वेगळे का? त्यावर तो म्हणाला, आमच्या शाखेला आधी लिहिता-वाचता येऊ लागले म्हणून. अशी एक आख्यायिका आहे. इतिहासकार गिबनने हॅब्सबर्गची ही कथा खरी मानली आणि आपल्या आत्मचरित्रात भाकीत केले, की ‘टॉम जोन्स’ ही कादंबरी स्पेनमधला राजवाडा आणि ऑस्ट्रियाचे गरुडचिन्ह यांच्यापेक्षा अधिक काळ टिकेल. पुढे होरेस राउंड (१८५४–१९२८) या कठोर अभ्यासकाने मूळ दस्तऐवज तपासून ही सारी वंशावळ खोटी असल्याचे सिद्ध केले. ‘स्टडीज इन पीअरेज अँड फॅमिली हिस्टरी’ (१९०१) या त्याच्या ग्रंथात हे प्रकरण आहे. १९१८ मध्ये हॅब्सबर्ग साम्राज्य कोसळले आणि ‘टॉम जोन्स’ आजही वाचली जाते. गिबनचा पुरावा चुकीचा निघाला, त्याचे भाकीत तेवढे बरोबर ठरले.

राउंडच्या आधी फ्रीमन या इतिहासकारानेही १८७७ मध्ये वंशावळी बनवणाऱ्यांवर झोड उठवली होती. या दोघांमुळे एक शिस्त आली: प्रत्येक पिढीसाठी समकालीन पुरावा हवा, नावांचे साम्य म्हणजे नाते नव्हे, आणि घराण्याची परंपरा हा पुरावा नव्हे. विल्यम द कॉन्कररबरोबर आलो असे सांगणारी घराणी शेकड्यांनी आहेत. पण हेस्टिंग्जच्या रणात प्रत्यक्ष हजर असल्याचा समकालीन आधार जेमतेम पंधरा-वीस जणांबाबत मिळतो. हार्डीचा ट्रिंगहॅम ज्या बॅटल अ‍ॅबीच्या यादीचा हवाला देतो, ती यादीही अभ्यासकांच्या लेखी विश्वसनीय नाही. म्हणजे बिचाऱ्या जॉनचे ‘सर’पण कादंबरीतही डळमळीतच आहे.

इथवरचा विचार कागदाच्या बाजूने झाला. आता गणिताच्या बाजूने पाहू. प्रत्येकाला आई-बाप दोन, आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ. बावीस पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या जागा होतात ४१,९४,३०४. एडवर्ड तिसरा आणि आजचा प्रौढ इंग्रज यांच्यात साधारण एवढ्याच पिढ्यांचे अंतर आहे. एडवर्डच्या मृत्यूच्या वर्षी, १३७७ मध्ये, इंग्लंडमध्ये चौदा वर्षांवरील प्रत्येक माणसावर डोईपट्टी बसवण्यात आली होती. तिच्या हिशेबात साडेतेरा लाखांच्या आसपास माणसे मोजली गेली, आणि त्यावरून अभ्यासक त्या वेळची एकूण लोकसंख्या सुमारे पंचवीस लाख धरतात. माणसे पंचवीस लाख आणि पूर्वजांच्या जागा बेचाळीस लाख. अर्थात तीच माणसे एकाच वंशवृक्षात अनेक जागी बसलेली आहेत. वृक्ष हे रूपकच इथे मोडते. वर जाताना पसरणाऱ्या फांद्या काही पिढ्यांनंतर पुन्हा एकमेकींत शिरतात.

जोसेफ चँग या संख्याशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये यावर एक सूत्र मांडले. कुणीही कुणाशी लग्न करते अशा लोकसमूहात ठरावीक पिढ्यांच्या मागे गेले, की त्या काळी जिवंत असलेला प्रत्येक माणूस एक तर आजच्या सर्वांचा पूर्वज असतो, नाही तर कुणाचाच नसतो. पंचवीस लाखांच्या समूहाला हे सूत्र लावले तर तो टप्पा सुमारे अडतीस पिढ्यांवर येतो, बावीसवर नव्हे. शिवाय प्रत्यक्ष समाजात वर्ग आणि गाव यांच्या भिंती असतात. म्हणून एडवर्डच्या काळातला वाटेल तो शेतकरी आजच्या सगळ्या इंग्रजांचा पूर्वज आहे, असे म्हणता येणार नाही. पण एडवर्ड ‘वाटेल तो’ नव्हता. त्याच्या नातवंडा-पतवंडांना अन्न, निवारा आणि वारसा यांची ददात नव्हती, त्यांना मुले भरपूर झाली आणि ती देशभर विखुरली. भिंतीतून पलीकडे जायला तर एका पिढीतली एकच मुलगी पुरते. म्हणूनच ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या इंग्लंडमध्ये राहिले, असा आजचा जवळजवळ प्रत्येक माणूस एडवर्ड तिसऱ्याचा वंशज आहे, असे अ‍ॅडम रदरफर्ड यांच्यासारखे वंशशास्त्राचे लेखक सांगतात. त्या नटाच्या बाबतीत आश्चर्य राजा सापडल्याचे नाही, कागद सापडल्याचे आहे.

मग रक्ताचे काय? २०१२ मध्ये लेस्टर इथल्या एका वाहनतळाखाली एक सांगाडा सापडला. तो रिचर्ड तिसऱ्याचा आहे हे ठरवण्यासाठी त्याच्या बहिणीपासून निव्वळ मुलीकडून मुलीकडे चालत आलेली परंपरा शोधण्यात आली. तिच्या टोकाला कॅनडात जन्मलेला आणि लंडनमध्ये लाकडी सामान घडवणारा एक कारागीर निघाला. आईकडून येणारा डीएनए जुळला. परंतु बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र तपासले, तेव्हा कागदाप्रमाणे एडवर्ड तिसऱ्याच्या पुरुषपरंपरेत येणाऱ्या सॉमरसेट घराण्यातल्या पाच जणांपैकी एकाशीही ते जुळले नाही. इतकेच नव्हे, त्या पाचांतला एक उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे मधल्या शतकांत निदान दोन ठिकाणी तरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. हा दुवा कुठे तुटला ते सांगता येत नाही. वर्तमानपत्रांनी लगेच ट्यूडरांच्या आणि तत्कालीन राणीच्या हक्काची चर्चा सुरू केली. ती व्यर्थ होती, कारण मुकुट रक्ताने नव्हे, तर युद्धांनी आणि संसदेच्या कायद्यांनी हस्तांतरित झालेला आहे. पण वंशशोधकांनी घ्यायचा धडा साधा होता. पुरुषांच्या नावांची अभिमानाने जपलेली रेघ तुटली, आणि जिची नावे वारंवार बदलली ती आई-मुलींची रेघ टिकली.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. मूल आई-बापांकडून प्रत्येकी अर्धाच वारसा घेते आणि तोही तुकड्या-तुकड्यांनी. आठ-दहा पिढ्यांच्या मागे गेले, की कित्येक पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. बावीस पिढ्यांमागच्या एखाद्या विशिष्ट पूर्वजाकडून आपल्याला काहीही आलेले नसण्याचीच शक्यता फार मोठी. एडवर्डचा वंशज असणे आणि एडवर्डचे रक्त अंगात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जवळजवळ सर्वांबाबत खरी आहे, दुसरी जवळजवळ कोणाबाबतच नाही.

असे असूनही हौस कमी झालेली नाही. रुविन्यीच्या मार्क्विसने, ज्याची स्वतःची पदवीच वादग्रस्त होती, १९०५ ते १९११ या काळात एडवर्ड तिसऱ्याच्या हयात वंशजांच्या याद्यांचे चार जाडजूड खंड काढले. अमेरिकेत गॅरी बॉइड रॉबर्ट्स यांनी वसाहतकाळात तिकडे गेलेल्या पाचशे राजवंशी स्थलांतरितांचा कोश १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. २००४ मध्ये त्याचे सहाशे झाले, २०१८ मध्ये नऊशे. अशा स्थलांतरितांना वंशशोधकांच्या भाषेत ‘प्रवेशद्वार-पूर्वज’ म्हणतात, कारण त्यांच्यापर्यंत पोचले की पलीकडचा राजवाडा उघडतो. अ‍ॅन हचिन्सन ही त्यांपैकी एक. आईकडून ती एडवर्ड पहिल्याची वंशज. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि बुश पितापुत्र हे तिचे वंशज. पण तिचे ऐतिहासिक मोल यांपैकी कशातच नाही. मॅसॅच्युसेट्सच्या धर्मपीठाला आणि गव्हर्नरला तिने भर न्यायालयात शास्त्राधाराने उत्तरे दिली, १६३८ मध्ये ती हद्दपार झाली, १६४३ मध्ये मारली गेली. तिच्या खटल्यात तिचा राजवंश कोणाच्या गणतीत नव्हता. अशा बाईला राजाकडे जाण्याचा दरवाजा म्हणून वापरणे म्हणजे इतिहास उलटा वाचणे होय.

यावरून वंशशोध हा निव्वळ पोकळ अहंकार आहे असा निष्कर्ष काढायचे कारण नाही. पॅरिशच्या वह्या आणि मृत्युपत्रे यांच्यात रमणारे हौशी संशोधक पुष्कळदा व्यावसायिक इतिहासकाराने न पाहिलेली माणसे उजेडात आणतात. आक्षेप आहे तो निवडीवर. बेचाळीस लाख जागांपैकी एकाच जागेवर बोट ठेवून ‘हा मी’ म्हणणे ही वंशावळ नव्हे, पसंती आहे.

ही निवड किती मोठी आहे हे एडवर्डच्या मृत्यूनंतर चारच वर्षांत घडलेल्या घटनेवरून कळते. ज्या डोईपट्टीने आज आपल्याला लोकसंख्येचा हिशेब मिळतो, तिच्याच तिसऱ्या फेरीने १३८१ मध्ये शेतकऱ्यांचे बंड पेटले. बंडवाल्यांपुढे ब्लॅकहीथच्या माळावर जॉन बॉल या पाद्र्याने प्रवचन केले. आदम खणत होता आणि ईव्ह सूत काढत होती, तेव्हा उमराव होते कुठे, असा त्याचा आशय होता. राजांच्या वंशावळीच्या गुंडाळीत वरच्या टोकाला जो आदम असे, त्याच आदमला त्याने सगळ्यांचा बाप म्हणून पुढे उभे केले. राजांना आदम हवा होता तो आपली रेघ किती लांब आहे हे दाखवण्यासाठी, बॉलला हवा होता तो रेघेच्या बाहेर कोणीच नाही हे दाखवण्यासाठी. १५ जुलै १३८१ रोजी सेंट ऑल्बन्स इथे एडवर्डचा नातू राजा रिचर्ड दुसरा याच्यासमोर त्याला देहदंड देण्यात आला.

संख्याशास्त्राने सहाशे वर्षांनंतर जे सांगितले ते बॉलच्या बाजूचे आहे. आजच्या इंग्रजाच्या वंशजाळ्यात राजा एडवर्ड आहे, तसे त्या माळावर उभे राहिलेले कित्येक शेतकरीही आहेत. राजा एक-दोन जागांवर असेल, ते हजारो जागांवर आहेत. फरक एवढाच, की राजापर्यंत जाणारी वाट चौकशीपत्रांत लिहिलेली आहे आणि त्यांची नावे, लिहिली गेलीच तर, डोईपट्टीच्या यादीत किंवा बंडखोरांवरील खटल्यांच्या कागदांत आहेत. त्यांच्यापासून आपल्यापर्यंतचा धागा जोडून देईल असा कागद कोणी ठेवला नाही, कारण त्यांच्या मरणाने कोणतीही जमीन हस्तांतरित होणार नव्हती.